मासे जोडीने विकावेत काय? घरच्या टाकीतील नर-मादीचा हिशेब

शोभेच्या माशांच्या दुकानात गिऱ्हाईक आले की पहिला सवाल ठरलेला असतो, "जोडी कितीला?" कबुतरे जोडीने विकली जातात, लव्हबर्ड जोडीने विकले जातात, तेव्हा मासेही जोडीनेच विकावेत अशी चाल बाजारात पडली आहे. एक नर, एक मादी, पिशवीत पाणी, वर रबर. घेणारा खूश, देणारा खूश. परंतु पक्ष्यांचा हा हिशेब माशांना लागू पडत नाही. आपल्याकडे घरोघरी ठेवले जाणारे जे मासे आहेत, त्यांतील बहुतेकांना एकास एक हे प्रमाण सोसत नाही. काहींना एका नरामागे दोन-तीन माद्या लागतात, काहींना एकटे राहणेच मानवते, आणि काहींच्या बाबतीत नर कोणता हे मोठमोठ्या जाणकारांनाही अंगावरून सांगता येत नाही.

आमचा मूळ धंदा कापडाचा. पण घरी अनेक वर्षे काचेची टाकी आहे आणि कोल्हापूर, इचलकरंजीच्या दुकानदारांशी या विषयावर पुष्कळ बोलणे झाले आहे. आपल्या बांधवांपैकी कोणी काच कापण्याचे काम करतात, कोणी लाकडी व लोखंडी स्टँड बनवतात, कोणी दुकान चालवतात, आणि काही घरांत माताभगिनी पिल्ले वाढवून चार पैसे मिळवतात. या सर्वांच्या उपयोगाची गोष्ट म्हणून हा विषय घेतला आहे. कारण मासा मेला की गिऱ्हाईक असे म्हणत नाही की नर-मादीचे प्रमाण चुकले. तो म्हणतो, "दुकानदाराचा माल कमजोर." दोनदा मासे मेले की तिसऱ्यांदा तो टाकी माळ्यावर टाकतो. एक गिऱ्हाईक गेले म्हणजे त्याच्याबरोबर खाद्य, पंप, फिल्टर, दगड, झाडे यांचा वर्षानुवर्षांचा खप गेला. माशाच्या जोडीत नफा तो काय मिळतो? खरा नफा या बाकीच्या जिनसांत आहे.

प्रथम गप्पी घेऊ. हा मासा कोल्हापूरकरांना नवा नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप खात्याचे कर्मचारी हाच मासा हौदात, टाक्यांत, डबक्यांत सोडतात. डबक्यातला गप्पी मातकट आणि दुकानातला रंगीत शेपटीचा, पण जात एकच. मूळ मुलूख दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा, व्हेनेझुएला आणि त्याच्या जवळचे त्रिनिदाद बेट. तिथल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, त्यांचेच नाव माशाला चिकटले.

गप्पीचा नर लहान, सडपातळ आणि रंगीत. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट, पोट भरलेले, रंग बेताचा. नराला दिवसभर एकच उद्योग असतो, मादीच्या मागे लागणे. नदीत किंवा मोठ्या हौदात मादीला पळायला जागा असते. दीड-दोन फुटांच्या काचेच्या टाकीत ती कुठे पळणार? एकास एक ठेवले तर त्या एका मादीला उजेड असेपर्यंत उसंत मिळत नाही. तिचे खाणे कमी होते, ती कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या मागे दडून बसते, पर मिटून घेते, आणि एके दिवशी तळाशी पडलेली दिसते. त्यातून गिऱ्हाईकाने रंगाला भुलून चार नर आणि एक मादी नेली असेल तर ती बिचारी फार दिवस काढत नाही. बेजबान जीव, तक्रार कोणाकडे करणार? एका नराला दोन माद्या, शक्य तर तीन, असे ठेवले की नराचे लक्ष वाटले जाते आणि प्रत्येक मादीला आळीपाळीने आराम मिळतो. मॉली आणि प्लॅटी यांनाही हेच प्रमाण लागू आहे.

इथे दुकानदार म्हणेल, "गिऱ्हाईक मादी घेतच नाही, त्याला रंग हवा असतो." बरोबर आहे. पण कापडवाल्याला विचारा. साडीबरोबर ब्लाउजपीस वेगळे विकायला बसलो तर अर्धे तुकडे दुकानात पडून राहतील. म्हणून ते साडीतच येते आणि गिऱ्हाईकही त्याला साडीचाच भाग समजते. गांधीनगरच्या घाऊक बाजारात संच करून माल विकण्याची रीत आहे ती याचसाठी. तसेच मासेवाल्याने जोडीचा भाव न सांगता तिघांच्या संचाचा भाव सांगावा, एक नर आणि दोन माद्या. पाटी लावावी, "संच इतक्याला". पाटीवर एकदा आले की घासाघीस संचाची होते, मादीची होत नाही.

आता दुकानदाराचा दुसरा सवाल. "एवढ्या माद्या आणायच्या कुठून, आणि नर उरले तर त्यांचे काय?" हा हिशेब करून पाहू. गप्पीच्या पिलांत नर-मादी साधारण निम्मे निम्मे निघतात. समजा, ६० पिल्ले वाढवून विक्रीला आली. ३० नर, ३० माद्या. एकास दोन या संचाने विकले तर ३० माद्यांचे १५ संच झाले आणि त्यांत १५ नर गेले. उरले १५ नर. हे १५ नर निव्वळ नरांचे म्हणून विकावेत. पुष्कळांना ठाऊक नाही, पण मादी अजिबात नसेल तर गप्पीचे नर एकत्र चांगले राहतात. सहा-आठ नरांची टाकी दिसायला सर्वांत रंगीत, आणि पिल्ले होण्याची भानगड नाही. ज्या गिऱ्हाईकाला फक्त शोभा हवी आहे, पिल्ले सांभाळायची नाहीत, त्याला हाच माल द्यावा. मात्र दोन-तीनच नर देऊ नयेत, कमी संख्येत एकजण बाकीच्यांना छळतो. सहाच्या वर असले की दादागिरी वाटली जाते. अशा रीतीने साठपैकी एकही मासा वाया जात नाही. जोडीने विकून हा मेळ बसत नाही, कारण माद्या घरोघरी मरत राहतात आणि गिऱ्हाईक परत येऊन पुन्हा रंगीत नरच मागते.

नर-मादी ओळखायची कशी, हे दुकानातल्या पोऱ्यालाही आले पाहिजे. रंगावर भिस्त ठेवू नये, कारण आता माद्यांच्या शेपट्याही रंगीत केलेल्या असतात. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चारही मासे अंडी न घालता थेट पिल्ले देणारे आहेत, आणि चौघांची खूण एकच. पोटाच्या खाली मागच्या बाजूला जो पर असतो तो पाहावा. मादीचा हा पर पंख्यासारखा उघडलेला असतो. नराचा पर वळून काडीसारखा झालेला असतो. मादीला त्याच जागेपाशी पोटावर काळसर डाग दिसतो, पिल्ले भरत आली की तो डाग मोठा आणि गडद होतो. मासा पिशवीत भरून उजेडासमोर धरला की ही पारख होते.

स्वोर्डटेलची गोष्ट थोडी वेगळी. शेपटीखाली तलवारीसारखे टोक असते तो नर. यांच्यात नर एकमेकांवर फार उठतात. छोट्या टाकीत दोन नर ठेवणे सर्वांत वाईट, जोरदार नर दुबळ्याला जगू देत नाही. एकच नर ठेवावा आणि तीन माद्या द्याव्यात. बाजारात असे ऐकू येते की स्वोर्डटेलची मादी म्हातारपणी नर होते. होते असे की काही नर फार उशिरा वयात येतात. तोपर्यंत ते मादीएवढे मोठे आणि मादीसारखेच दिसतात, मग अचानक तलवार फुटते. त्यामुळे चार माद्या म्हणून दिलेल्यांत एक नर निघाला तर दुकानदाराने फसवले असे समजू नये. खरोखर लिंग बदलणारे मासे आहेत, पण ते समुद्रातले. पांढरे पट्टे असलेला केशरी क्लाउनफिश सुरुवातीला नरच असतो. गटातला सर्वांत मोठा मासा मादी बनतो आणि ती मेली तर तिचा नर तिची जागा घेऊन मादी होतो. खाऱ्या पाण्याची टाकी हे खर्चाचे काम असल्याने त्यात इथे जास्त शिरत नाही.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल एका टाकीत ठेवू नयेत, त्यांचा संकर होतो आणि पुढची पिल्ले ना इकडची ना तिकडची. असा माल घाऊक व्यापारी घेत नाही.

फायटर माशाबाबत जोडी मागणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. नर-नर एकत्र आले तर मरेपर्यंत भांडतात हे सर्वांना माहीत आहे. परंतु नर-मादीही कायमचे एकत्र ठेवता येत नाहीत. विणीच्या वेळी नर पाण्याच्या वर तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो. तेव्हा अंड्यांनी भरलेली मादी आधी काचेच्या आडोशाने दाखवावी आणि मग सोडावी. अंडी घालून झाली की मादीला ताबडतोब बाहेर काढावे, नाहीतर नर तिला फाडतो. अंडी नर सांभाळतो. तळाला पडलेले अंडे तोंडात धरून परत घरट्यात नेऊन ठेवतो. हे काम पाहण्यासारखे आहे. पिल्ले तीन-चार दिवसांनी आडवी पोहू लागली की नरालाही काढावे. बाकी वर्षभर फायटर एकटाच बरा, आणि तोही बाटलीत कोंबलेला नको. निदान दहा-बारा लिटर पाणी त्याला द्यावे.

गुरामी एक नर, दोन माद्या. नराचा पाठीवरचा पर लांब आणि टोकदार असतो, मादीचा आखूड आणि गोलसर. टायगर बार्ब आणि निऑन टेट्रा यांच्यात नर-मादी मोजत बसू नये, तिथे संख्या महत्त्वाची, सहाच्या खाली देऊ नये. टायगर बार्ब दोन-तीनच असले तर दुसऱ्या माशांचे पर कुरतडत बसतात. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले रंगीत सिच्लिड मागणारे शौकीन आता वाढले आहेत. त्यांना एका नरामागे तीन-चार माद्या लागतात, त्याशिवाय टाकीत रोजची मारामारी.

एंजलमध्ये अंगावरून नर-मादी ओळखता येत नाही. जो दुकानदार छातीठोकपणे "ही जोडी आहे" सांगतो त्याने ती अंडी घालताना पाहिलेली असेल तरच ते खरे. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली एक बारीक नळी बाहेर येते, नराची निमुळती आणि मादीची जाडसर, बोथट. एरवी उपाय एकच. सहा लहान एंजल एकत्र वाढवावेत. मोठे झाले की त्यांतले दोघे आपोआप जोडी जमवतात, एक कोपरा बळकावतात आणि इतरांना फिरकू देत नाहीत. तेव्हा ती जोडी वेगळी करावी. इथे जोडी हा शब्द खरा आहे, आणि जमलेल्या जोडीला भावही चांगला येतो.

गोल्डफिशबद्दल एक खास सूचना. विणीच्या हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर मोहरीहून बारीक पांढरे ठिपके येतात. ही नराची खूण आहे. अनेक घरांत हे ठिपके पाहून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजतात आणि चांगल्या माशावर निळे औषध ओततात. रोगाचे ठिपके शेपटीसह सर्व अंगावर अस्ताव्यस्त असतात आणि मासा दगडाला अंग घासतो. नराचे ठिपके ठरलेल्या जागी, दोन्ही बाजूंना सारखे असतात. एकापेक्षा जास्त नर एका मादीच्या मागे लागून तिला टाकीच्या कडेला ढोसत असतील तर तिला दोन-तीन दिवस वेगळे ठेवावे, एवढे पुरे. मात्र हे मासे मोठे होतात आणि घाणही पुष्कळ करतात, तेव्हा लहान टाकीत त्यांची संख्या मुळातच कमी असावी.

काच कारागिरांनी याचा फायदा घेतला पाहिजे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट पाणी धरणाऱ्या टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी बसते. अशी टाकी बनवताना आतल्या लांब बाजूंना समोरासमोर काचेच्या दोन दोन बारीक पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून खाच तयार करावी. त्या खाचेत काचेचा किंवा प्लॅस्टिक जाळीचा पडदा हवा तेव्हा सरकवता येतो. दमलेली मादी बाजूला काढायची आहे, फायटरची मादी आधी दाखवायची आहे, पिल्ले वेगळी ठेवायची आहेत, सर्व कामे या एका पडद्याने होतात. साहित्याचा खर्च किरकोळ, पण साध्या टाकीपेक्षा या टाकीला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले वापरावे, बाथरूमसाठी येते ते माशांना विष आहे. पडद्याच्या कडा घासून घ्याव्यात, नाहीतर माशाचे पर कापतात.

ज्या घरांत पिल्ले वाढवून विकण्याचा विचार आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते, एका वेळी वीस-तीस, मोठी मादी त्याहून जास्त. नराशी एकदा संबंध आला की नर नसतानाही ती पुढे कित्येक महिने पिल्ले देत राहते, कारण नराचे बीज ती पोटात साठवून ठेवते. याचा अर्थ असा की दुकानातून आणलेली मोठी मादी आपल्या उमद्या नराशेजारी ठेवली तरी सुरुवातीची पिल्ले कोणत्या नराची हे सांगता येत नाही. एक रंग, एक शेपटी असा साफ माल काढायचा असेल तर पिल्ले चार आठवड्यांची होताच नर आणि मादी वेगळ्या टाक्यांत करावीत. दीड महिन्याने हे काम केले तर उशीर झाला. १९२०च्या सुमारास डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी गप्पीवरच अभ्यास करून दाखवले की नराच्या अंगावरचे काही रंग बापाकडून थेट मुलाकडे उतरतात. पण सर्व गुण असे नाहीत, आईकडूनही पुष्कळ काही येते. म्हणून मादी निवडताना तिचे भाऊ कसे आहेत ते पाहावे. आणि एकाच घरातला माल पिढ्यान्‌पिढ्या आपसात न वापरता अधूनमधून बाहेरून नवी जोड आणावी, नाहीतर पिल्ले लहान आणि वाकड्या कण्याची निघू लागतात.

घाऊक माल मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून येतो, त्यापलीकडे चेन्नईचा कोळत्तूर भाग आणि कोलकाता-हावड्याकडची गावे ही पैदाशीची मोठी केंद्रे आहेत. एवढा प्रवास करून आलेली पिल्ले घालणारी मादी अर्धमेली असते. कोल्हापुरातच वाढलेली, इथल्या नळाच्या पाण्याला सरावलेली मादी त्यापेक्षा टिकाऊ, हे दुकानदारही मान्य करतात. क्लोरीन उडण्यासाठी पाणी एक दिवस उघडे ठेवावे आणि थंडीच्या रात्री हीटर लावावा, एवढी काळजी पुरते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के. अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन चालू वर्षाचे नियम लेखी विचारून घ्यावेत. दलालाच्या तोंडी बोलण्यावर पैसे देऊ नयेत.

शेवटी जास्तीच्या माशांचे काय करावे? दोन माद्या महिन्याला पन्नास पिल्ले देऊ लागल्या की घरचा माणूस घाबरतो आणि डबा घेऊन रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर जातो. हे करू नये. पोटात बीज साठवलेली एक मादी नव्या पाण्यात पूर्ण वसाहत उभी करू शकते. टाकीतला सकर मासा उजनी धरणात पसरल्याची मच्छीमारांची तक्रार आहे, त्यांची जाळी फाटतात आणि खाण्याचा मासा कमी मिळतो. आपल्या डोंगरातले पाणी तर फार नाजूक आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, २०२० साली तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. हीच हिरण्यकेशी पुढे आपल्या आजरा, गडहिंग्लजकडे उतरते. तिच्यात परदेशी मासा सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात तण पेरणे.

त्यापेक्षा दुकानदारानेच पिल्ले परत घेण्याचा रिवाज पाडावा. रोख पैसे देण्याची गरज नाही. महिनाभराची निरोगी पिल्ले आणून दिली तर त्या मोबदल्यात खाद्याचे पाकीट द्यावे. गिऱ्हाईक महिन्याला एकदा दुकानात येईल, पिल्लांतल्या माद्या संचात लागतील, नर नरांच्या टाकीत जातील. परत आलेला मासा मात्र दहा-पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवावा आणि त्यासाठी जाळीही वेगळी वापरावी, म्हणजे एका घरातला रोग सगळ्या दुकानात पसरणार नाही.